पडद्यावरचा सम्राट आणि मातीतली माणसे

(संस्थेच्या विद्यार्थी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





प्राचीन चीनच्या इतिहासावरील चित्रपट हा विषय आपल्यापैकी काहींना जरा आडवळणाचा वाटेल. संस्थेच्या व्यासपीठावर शिक्षण, नोकऱ्या, वसतिगृहे, धम्म अशा विषयांवर बोलणे व्हावयाचे, तेथे सिनेमा कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल तर ते साहजिक आहे. परंतु आमचा अनुभव असा की आजचा विद्यार्थी इतिहासाची पुस्तके परीक्षेपुरती वाचतो आणि इतिहासाचे चित्र मात्र पडद्यावरून मनात साठवितो. हिंदीत आवाज चढविलेले चिनी चित्रपट घरोघरी पाहिले जातात. सम्राट, तलवारी, लाखांच्या फौजा, डोंगरमाथ्यावरचे विहार, काठी फिरविणारे भिक्खू हे सारे मुलांना तोंडपाठ असते. त्यातले खरे किती आणि रचलेले किती, हे विचारण्याची सवय लागावी एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

आरंभीच एक सांगून ठेवतो. चित्रपट पाहू नका, असे सांगावयास आम्ही आलेलो नाही. चांगला ऐतिहासिक चित्रपट दोन तासांत जी गोडी लावतो ती कित्येकदा वर्षभराच्या तासिकांनी लागत नाही. आमचे म्हणणे इतकेच की पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. ही गोष्ट कशाच्या आधारावर सांगितली? ती कोणाच्या बाजूने सांगितली? आणि सांगताना कोणाला गाळले?

एक घटना, एक ग्रंथ

हे तीन प्रश्न कसे वापरावयाचे ते दाखविण्यासाठी आम्ही एकच घटना निवडली आहे. ती आहे इ.स.पू. २२७ मधली. त्या काळी चीन एक देश नव्हता. सात मोठी राज्ये शतकानुशतके एकमेकांशी लढत होती. पश्चिमेकडील छिन राज्याचा राजा यिंग झेंग एकेक राज्य गिळत निघाला होता. ईशान्येकडील यान राज्याचा युवराज दान याला आपली पाळी जवळ आल्याचे दिसत होते. त्याने जिंग-के नावाच्या एका धाडसी माणसाला छिनच्या राजाला मारण्यासाठी पाठविले.

दरबारात प्रवेश मिळावा म्हणून जिंग-केने दोन नजराणे नेले. एक होते छिनमधून पळून आलेल्या फान यूची या सेनापतीचे शिर. ते त्याने स्वतःहून दिले होते. दुसरा होता यानच्या सुपीक प्रदेशाचा नकाशा. गुंडाळलेल्या नकाशाच्या शेवटच्या घडीत विषारी खंजीर लपविला होता. नकाशा उलगडला, खंजीर दिसला, जिंग-केने राजाची बाही पकडली, बाही फाटली आणि राजा खांबाभोवती पळू लागला. दरबाऱ्यांनी दरबारात शस्त्र आणावयाचे नाही हा छिनचाच कायदा, त्यामुळे मदतीला कोणाच्या हाती काही नव्हते. राजवैद्याने आपली औषधांची पिशवी फेकून मारली. तेवढ्या उसंतीत राजाला आपली लांब तलवार उपसता आली आणि जिंग-के मारला गेला. पुढे सहाच वर्षांनी, इ.स.पू. २२१ मध्ये, सातही राज्ये एका छत्राखाली आली आणि यिंग झेंग हा छिन शी हुआंग, म्हणजे छिनचा पहिला सम्राट झाला.

ही हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः सिमा च्येन या इतिहासकाराच्या एकशे तीस प्रकरणांच्या ग्रंथातून. हा ग्रंथ घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिला गेला. सिमा च्येनबद्दल विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पराभूत झालेल्या एका सेनापतीची बाजू दरबारात घेतल्याबद्दल हान सम्राटाने त्याला अत्यंत अपमानास्पद शिक्षा केली. त्याचे पुरुषत्व हिरावून घेतले. अशा शिक्षेपेक्षा मरण बरे मानण्याचा तो काळ होता. तरीही हाती घेतलेला ग्रंथ पुरा व्हावा म्हणून तो अपमान सोसून जगला. ज्या पानांवर आज कोट्यवधी रुपयांचे चित्रपट उभे राहतात ती पाने एका शिक्षा भोगलेल्या माणसाने लिहिलेली आहेत.

तीन चित्रपट, तीन सम्राट

आता गंमत पाहा. या एकाच घटनेच्या आसपास चीनमध्ये सात वर्षांच्या आत तीन मोठे चित्रपट आले आणि तिघांतला सम्राट वेगळा आहे.

पहिला १९९६ चा, झोउ शियाओवेन यांचा. इंग्रजीत तो ‘द एम्परर्स शॅडो’ या नावाने ओळखला जातो. जियांग वेन हे सम्राट आहेत आणि गे यो हे वादक गाओ जियानली. ग्रंथात हा वादक जिंग-केचा मित्र आहे. मित्राच्या मृत्यूनंतर सम्राट त्याला पकडून आणतो, वादनासाठी जिवंत ठेवतो पण त्याचे डोळे घालवितो. पुढे तो आपल्या वाद्यात शिसे भरून सम्राटावर फेकतो, नेम चुकतो आणि तोही मारला जातो. चित्रपटाने यात भर घातली ती अशी की हे दोघे लहानपणी एकाच आईच्या दुधावर वाढलेले. सम्राटाला आपल्या राज्याचे गौरवगीत त्याच्याकडूनच रचून हवे आहे. सारा देश जिंकलेल्या माणसाला एका कलावंताचे मन जिंकता येत नाही, हा त्या चित्रपटाचा गाभा. दूधभाऊपणाला ग्रंथात आधार नाही. परंतु सत्तेला नुसती आज्ञापालने पुरत नाहीत, तिला स्तुतीही हवी असते, ही गोष्ट मात्र इतिहासात पदोपदी दिसते.

दुसरा १९९८ चा, चेन कायगे यांचा ‘द एम्परर अँड द असॅसिन’. यात ली श्वेजियान हे राजा, झांग फेंगयी हे जिंग-के आणि गाँग ली या झाओ राज्यातील स्त्रीच्या भूमिकेत आहेत. ही स्त्री कल्पित आहे. आरंभी ती राजावर विश्वास ठेवते. सारी राज्ये एक झाली की युद्धे थांबतील, लोक सुखी होतील, हे त्याचे बोलणे तिला पटते आणि त्याच्या योजनेत ती सामील होते. पण छिनची फौज तिच्या झाओ राज्यात शिरते आणि तेथील मुलांची जी गत होते ती ती डोळ्यांनी पाहते, तेव्हा तिचे मन फिरते. एकीकरणाची किंमत कोणी मोजली हा प्रश्न हा चित्रपट उघडपणे विचारतो. त्यासाठी कल्पित पात्र घेतले, तरी झाओची राजधानी पडल्यावर राजाने आपल्या मातुल घराण्याच्या जुन्या वैऱ्यांना जिवंत पुरल्याची नोंद सिमा च्येनच्या ग्रंथात आहेच. म्हणजे पात्र खोटे असूनही प्रश्न खरा आहे.

तिसरा आपल्याकडे सर्वांत अधिक पाहिला गेलेला, २००२ चा झांग यिमोउ यांचा ‘हीरो’. जेट ली, टोनी लिउंग, मॅगी चेउंग हे नट आणि राजाच्या भूमिकेत चेन दाओमिंग. एकच हकीकत वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते आणि प्रत्येक तऱ्हेला वेगळा रंग : लाल, निळा, पांढरा, हिरवा. डोळ्यांचे पारणे फिटावे असा हा चित्रपट आहे, यात शंका नाही. पण कथा कोठे जाते पाहा. मारेकरी राजापासून दहा पावलांवर पोहोचतो, त्याला मारणे शक्य असते आणि तो मारीत नाही. का? तर ‘तियान-शिया’, म्हणजे आकाशाखालची सारी भूमी, एका हाताखाली आल्याशिवाय शांतता येणार नाही आणि तो हात याच राजाचा आहे, असे त्याला पटते. मग तो निमूटपणे बाहेर जातो आणि हजारो बाण अंगावर घेतो. मारेकऱ्यालाच राजाचे म्हणणे पटल्यावर प्रेक्षकाने विरोध तरी कोणाच्या तोंडून ऐकावा? या चित्रपटावर हुकूमशाहीचे समर्थन केल्याची टीका झाली. दिग्दर्शकांनी राजकीय हेतू नाकारला. हेतू काय होता हा वाद आपण बाजूस ठेवू. आपण फक्त एवढे नोंदवू की १९९८ मध्ये ज्या दाव्याचा खोटेपणा एका स्त्रीने पाहिला, तोच दावा २००२ मध्ये एका वीराने मान्य केला. पुरावा दोघांपुढे तोच होता. बदलली ती सांगणाऱ्याची बाजू.

पोशाख, खुर्ची आणि रंग

आता संस्कृतीच्या तपशिलाकडे वळू. चित्रपटात छिनची फौज काळ्या-करड्या रंगाची एकजात रांग असते. छिनने काळ्या रंगाला मान दिला होता ही गोष्ट ग्रंथात आहे, तेव्हा त्यात निव्वळ कल्पना नाही. परंतु १९७४ साली शिआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जी मातीची सेना सापडली, तिने दुसरेच चित्र पुढे आणले. हे सैनिक मुळात भडक रंगांनी रंगविलेले होते. तांबडा, हिरवा, निळा, जांभळा. दोन हजार वर्षांनी हवा लागताच रंगाचा थर सुटून गळून पडू लागला, म्हणून आज ते आपल्याला मातकट दिसतात आणि चित्रपटांनीही तोच मातकटपणा उचलला. शिवाय या पुतळ्यांचे चेहरे वेगवेगळे आहेत. कोणाची मिशी, कोणाचे उंच गाल, कोणाच्या केसांची गाठ निराळी. पडद्यावर फौज म्हणजे एक गर्दी असते; मातीत मात्र तिचा प्रत्येक माणूस वेगळा घडविलेला आहे.

आणखी काही खुणा सांगतो. त्या काळी दरबारातही लोक चटईवर बसत. उंच खुर्चीवर बसण्याची रीत चीनमध्ये रुजली ती कित्येक शतकांनंतर, आणि ती रुजविण्यात बौद्ध विहारांचा वाटा होता असे अभ्यासक मानतात. तेव्हा छिन काळातला राजा खुर्चीवर बसलेला दिसला तर समजावे की सजावटकाराने हजारभर वर्षांची उडी मारली. घोडेस्वाराच्या पायात रिकीब दिसली तरी तसेच. मातीच्या सेनेतल्या घोड्यांना खोगीर आहे, रिकीब नाही. लिहिणे कुंचल्याने आणि बांबूच्या पट्ट्यांवर, कागद नंतरचा. राजवाड्यांचे म्हणाल तर चज्यांग प्रांतातील हंगद्यान या चित्रनगरीत चेन कायगे यांच्या चित्रपटासाठी छिनचा प्रचंड राजवाडा बांधला गेला आणि पुढे कितीतरी चित्रपटांत तोच वापरला गेला. तोच वाडा पुन्हा पुन्हा पाहून मनात ठसतो आणि मग आपल्याला वाटते की अगदी असेच असले पाहिजे. वास्तविक आपण एका चित्रपटाचा दुसऱ्या चित्रपटाला मिळालेला आधार पाहत असतो.

हेफूचे पत्र

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. गाळले कोणाला?

१९७५ साली हूबेई प्रांतात शुइहूदी येथे कालवा खोदताना काही जुन्या कबरी उघड्या झाल्या. एका कबरीत छिनच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याजवळ ठेवलेल्या एक हजाराहून अधिक बांबूपट्ट्या मिळाल्या. त्यांवर छिनचे कायदे लिहिलेले आहेत. शेजारच्या दुसऱ्या एका कबरीत लाकडी पाटीवर लिहिलेली दोन पत्रे मिळाली. छिनच्या फौजेत असलेल्या दोन भावांनी रणभूमीवरून घरी थोरल्या भावाला ती लिहिली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव हेफू. चीनमध्ये मिळालेली ही सर्वांत जुनी घरगुती पत्रे समजली जातात.

या पत्रांत काय आहे? आईची खुशाली विचारली आहे. अंगावरचे कपडे अपुरे आहेत, कापड पाठव; तिकडे कापड महाग असेल तर पैसेच पाठव, येथे शिवून घेईन, असे मागणे आहे. घरच्या वडीलधाऱ्यांची, शेजाऱ्यांची चौकशी आहे. एकाने आपल्या नव्या नवरीबद्दल विचारले आहे. घरच्यांना सरपणासाठी फार लांब जाऊ देऊ नकोस, अशी काळजी आहे. ‘तियान-शिया’ हा शब्द सोडा, विजयाचाही तोरा नाही. त्या भावांचे पुढे काय झाले याची नोंद नाही. थोरल्या भावाने मात्र ती पत्रे जपली आणि ती त्याच्याच कबरीत ठेवली गेली असावीत, असे अभ्यासक समजतात.

मित्रहो, ‘हीरो’ मधल्या त्या हजारो काळ्या शिपायांकडे आता पुन्हा पाहा. त्यांतला प्रत्येक जण हेफू आहे. त्याने घरी कपडे मागितले आहेत. चित्रपटाने त्याला बाण दिला. नाव दिले नाही आणि आईही दिली नाही.

मातीच्या सेनेतील काही पुतळ्यांवर कारागिरांची नावे कोरलेली आहेत. मान म्हणून नव्हे. कामात खोट निघाली तर शिक्षा कोणाला करावयाची ते कळावे म्हणून. सम्राटाच्या समाधीच्या परिसरात मजुरांच्या कबरी मिळाल्या आहेत. त्यांतल्या काहींवर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवलेले आहेत आणि कौलावर मेलेल्याचे नाव, गाव ओरखडलेले आहे. समाधी आणि राजवाडा यांच्या कामावर सात लाख माणसे होती, असे सिमा च्येन लिहितो. आकडा शब्दशः घ्यावयाचा की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण कौलावरच्या नावाबद्दल मतभेद होऊ शकत नाही.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक खबरदारीची गोष्टही सांगितली पाहिजे. राजा वाईट होता एवढे मनात घेतले की त्याच्याविरुद्धची प्रत्येक गोष्ट आपण खरी मानू लागतो. इ.स.पू. २०९ मध्ये चेन शेंग आणि वू ग्वांग या दोघांनी छिनविरुद्ध बंड केले. सीमेवर नेमणुकीसाठी नऊशे माणसे निघाली, पावसाने रस्ते अडले, वेळेवर पोहोचणे अशक्य झाले. उशीर झाला तर कायद्याने देहदंड, मग बंड करून मेलेले काय वाईट, असा त्यांनी विचार केला, असे ग्रंथ सांगतो. शुइहूदीच्या पट्ट्यांवर वेठीच्या कामाचा जो कायदा आहे त्यात मात्र थोड्या उशिराला दटावणी, अधिक उशिराला ढाल किंवा चिलखत भरण्याचा दंड आणि पावसाने अडविल्यास माफी असे लिहिलेले आहे. वेठीचा नियम आणि सैनिकी नेमणुकीचा नियम वेगळा असू शकेल. अभ्यासक यावर वाद घालतात. तरी मुद्दा असा की छिनला उलथून जे हान घराणे आले त्याच्या काळात सिमा च्येन लिहीत होता. पराभूतांची बदनामी हीसुद्धा विजेत्यांची एक गरज असते. तेव्हा आपला जो आवडता पुरावा असेल तोही तपासला पाहिजे. ज्याला स्वतःच्या बाजूचा पुरावा तपासण्याचे धैर्य नाही त्याने इतरांचा इतिहास खोटा म्हणू नये.

या सम्राटाने लिपी एक केली, वजनमापे एक केली, गाड्यांच्या आसांची रुंदी ठरविली, ही कामे खरी आहेत. इ.स.पू. २१३ मध्ये त्याने खाजगी संग्रहातील ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, हेही ग्रंथ नोंदवितो. तो इ.स.पू. २१० मध्ये मेला आणि चार वर्षांच्या आत त्याचे घराणे बुडाले. दहा हजार पिढ्या टिकावयाचे म्हणून उभारलेले साम्राज्य अवघी पंधरा वर्षे टिकले.

दगडावर काय लिहिले?

आमच्या मनात येथे एक तुलना येते आणि ती काळाच्या दृष्टीने ओढूनताणून आणलेली नाही. सम्राट अशोकाचा काळ इ.स.पू. २६८ ते २३२ च्या सुमाराचा. यिंग झेंग गादीवर आला इ.स.पू. २४६ मध्ये. म्हणजे काही वर्षे हे दोघे एकाच वेळी आशियाच्या दोन भागांत राज्य करीत होते. दोघांनी युद्धे केली आणि दोघांनी दगडांवर लेख कोरविले. छिनच्या सम्राटाने ताय पर्वतासारख्या ठिकाणी शिलालेख उभारले. त्यांत त्याच्या विजयाची आणि कीर्तीची स्तुती आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली, असे स्वतः राजाच सांगतो आणि त्याचा पश्चात्ताप नोंदवितो. मेलेल्यांची संख्या स्वतःच्या दगडावर कोरणारा राजा जगाच्या इतिहासात विरळा. आपल्या नालासोपाऱ्यातही अशोकाच्या लेखमालेचे तुकडे मिळाले आहेत, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आणि चित्रपट? आपल्याकडे २००१ साली ‘अशोका’ आला. त्याचा बहुतेक भाग प्रेमकथा आणि तलवारबाजीत जातो आणि कलिंगयुद्धापाशी तो संपतो. जेथून अशोक इतिहासाला महत्त्वाचा वाटू लागतो तेथेच पडदा पडतो. तेव्हा चिनी दिग्दर्शकांना नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. युद्ध दाखविणे सोपे आहे, कारण ते दिसते. माणसाचे मन बदलणे दाखविणे कठीण, कारण ते दिसत नाही.

बखर आणि दफ्तर

मराठी माणसाला हा फरक समजावयास कठीण नाही. बखर वेगळी आणि दफ्तरातले कागद वेगळे, हे आपण जाणतो. जॉन वू यांचा ‘रेड क्लिफ’ २००८-०९ मध्ये दोन भागांत आला. इ.स. २०८ मधील नदीवरच्या लढाईची ही कथा. तिसऱ्या शतकात चेन शौ याने लिहिलेला इतिहास हे तिचे जणू दफ्तर, आणि चौदाव्या शतकातील लुओ ग्वानझोंगच्या नावावरची कादंबरी ही तिची बखर. चित्रपटात त्साओ त्साओ हा सेनाधीश एका सेनापतीच्या सुंदर पत्नीच्या मोहाने चाल करून येतो. त्या इतिहासग्रंथात याला आधार नाही. लाखभर माणसांच्या मरणाचे खापर एका स्त्रीच्या रूपावर फोडण्याची खोड सर्व देशांत सारखीच, असे म्हणावयास हरकत नाही.

काठी आणि पाण्याची पिशवी

शेवटी भिक्खूंकडे येऊ. १९८२ च्या ‘शाओलिन टेंपल’ या चित्रपटाने जेट ली जगापुढे आला. तो खऱ्याखुऱ्या विहारात चित्रित झाला. १९२८ मध्ये एका सेनानायकाने जाळलेला आणि नंतर दुर्लक्षित राहिलेला तो विहार चित्रपटानंतर गर्दीने फुलला. कथेला आधार आहे. इ.स. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्खूंनी पुढे थांग सम्राट झालेल्या ली शीमिनला युद्धात साहाय्य केले आणि इ.स. ७२८ च्या शिलालेखात तेरा भिक्खूंची नावे आहेत. पण चित्रपटाने या घटनेला बापाच्या खुनाचा सूड जोडला. ‘जीवहिंसा करणार नाही’ हे पहिले शील घेणारा भिक्खू आणि सूड घेणारा नायक हे एकाच अंगरख्यात कसे राहतात, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे. शिलालेख भिक्खूंचे युद्ध लपवीत नाही. चित्रपट त्याला खेळ बनवितो.

याच्या उलट २०१६ चा हुओ जियानची यांचा ‘ह्युएन-त्संग’. चीन आणि भारत यांनी मिळून तो काढला. हुआंग शियाओमिंग यांनी भिक्खूची भूमिका केली आणि आपले सोनू सूद हर्षवर्धन झाले. ह्युएन-त्संग हा चिनी लोककथेत आणि ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या कादंबरीत भित्रा, भोळा, माकडाच्या भरवशावर चालणारा असा दिसतो. खरा ह्युएन-त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास राजाज्ञा मोडून एकटा निघाला. वाळवंटात त्याची पाण्याची पिशवी सांडली आणि चार रात्री, पाच दिवस त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही, असे त्याच्या चरित्रात आहे. इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालविले.

हाच माणूस इ.स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला होता. दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक साधे पण मानी, उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे आहेत, असे त्याने लिहिले. शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचे नोंदविले. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन त्याने केले तो अजिंठा होय, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे आपल्या मातीचा सातव्या शतकातला एक महत्त्वाचा साक्षीदार चीनमधून आला होता. त्याच्यापाशी फौज नव्हती. वही होती.

विद्यार्थ्यांना विनंती

म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी. पुढचा ऐतिहासिक चित्रपट पाहाल तेव्हा वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात आधार लिहा : ग्रंथ, शिलालेख, उत्खनन की निव्वळ कल्पना. दुसऱ्यात बाजू लिहा : शेवटी कोणाचे म्हणणे खरे ठरले आणि ते कोणी ठरविले. तिसऱ्यात गाळलेली माणसे लिहा : भिंत कोणी बांधली, घोडे कोणी धुतले, प्रेते कोणी उचलली. पहिले दोन रकाने ग्रंथालयात भरता येतील. तिसरा भरावयास वेळ लागेल. पण ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत त्यांनी हा तिसरा रकाना कोरा सोडू नये.

संस्थेच्या वाचनालयानेही असे चित्रपट दाखवून नंतर तासभर चर्चा ठेवावी. मुलांनी आधी बोलावे आणि मोठ्यांनी ऐकावे. चित्रपटाला टाळी द्यावीच. पण टाळी दिल्यावर प्रश्नही विचारावा.

दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी एका सम्राटाने आपले नाव दगडावर कोरविले आणि त्याच्या एका शिपायाने लाकडी पाटीवर आईकडे कपडे मागितले. आज आपल्यापर्यंत दोघेही पोहोचले आहेत. कोणाचे ऐकावयाचे ते आपल्या हाती आहे.